सिनेमा लावून दिला की झालं?

वार्षिक परीक्षेनंतर सहावी ते आठवीच्या मुलांचं अभ्यासात मन लागत नाही, तेव्हा खेळ आणि सिनेमे लावावेत, असं एका लेखात वाचलं. अर्धंच पटलं. या मुलांना कंटाळा येतो तो फळ्यावरचं उतरवून घेण्याचा. डोकं चालवायला दिलं तर बसतात की!

मी सातवीला गणित शिकवते. परीक्षा झाल्यावर सांगितलं, पाचवीच्या मुलांसाठी अपूर्णांकांच्या बेरजेचं एक पान तयार करा. एका गटाने १/२ + १/३ = २/५ असं ठोकून दिलं. वर्षभर मागच्या बाकावर कंपासपेटीशी चाळा करणारा मुलगा उठून म्हणाला, "अरे, अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं?" मग कागदाच्या पट्ट्या दुमडून ५/६ येईपर्यंत वाद चालला. तास संपल्याची घंटा कुणाला ऐकूच आली नाही.

दुसरा उपाय जुनाच आहे. मानसशास्त्रज्ञ इलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांत 'जिगसॉ' पद्धत आणली. धड्याचा एकेक तुकडा एकेकाने शिकायचा आणि गटातल्या बाकीच्यांना शिकवायचा. या वयात बाईंपेक्षा मित्राचं म्हणणं जास्त पोचतं (आपण मान्य करो वा न करो!).

आणि खरं सांगू? सिनेमा बऱ्याचदा मुलांसाठी नसतोच. शिक्षकांना त्याच वेळात निकालपत्रकं भरायची असतात. ते काम वेगळ्या वेळेत करू द्या, मग वर्गाकडून अपेक्षा करा.