आतेची मागची खोली आणि तो मेसेज

कुडाळला माझ्या आतेच्या घरामागे एक खोली आहे, मोरीसकट. ओरोसला नोकरीला लागलेली बीडकडची एक स्टाफ नर्स मे महिन्यात ती बघून गेली आणि दोन हजार रुपये आगाऊ देऊन गेली. तीन दिवसांनी आतेने ते परत केले. का म्हणून विचारलं तर मोबाइल माझ्यापुढे धरला. "वाच ह्या. आता खोली कोणाक देवची ता पण सरकार सांगतला."

मेसेज तुमच्याही वाडीच्या ग्रुपवर फिरला असेल. घर देताना होणाऱ्या भेदभावाविरुद्ध कडक कायदा येतोय. तो आला की मालकाला भाडेकरू निवडता येणार नाही. सुप्रीम कोर्टाने २००५ सालीच मालकांची बाजू घेतली आहे. आत शिरलेला भाडेकरू बारा वर्षांत मालक होतो. भेदभाव आता उरलाय कुठे, प्रश्न फक्त खाण्यापिण्याचा. म्हणून खोली देण्याआधी पूर्ण नाव नीट विचारून घ्या. खाली जोडलेले हात, सात वेळा.

मी शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण आतेने ऐकलं ते तेवढंच. पूर्ण नाव विचारणं म्हणजे काय, हे कोकणात कुणाला समजावून सांगायला नको. गाव खयचो, वाडी कुठली, आडनाव काय, आणि तरीही अंदाज लागला नाही तर कुलदैवत. पोरगी पडली बीडची, त्यामुळे गाव-वाडीवरून काही उमगेना. मग आतेने फोन करून सरळ जातच विचारली. तिनेही न लपवता अनुसूचित जातीची असल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोन हजार परत.

भाडेकरूची ओळख जरूर विचारा. आधार घ्या, फोटो घ्या, पोलीस ठाण्यात माहिती द्या. यात जात कुठे येते?

आणि "कायदा येतोय" काय? नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ सालचा आहे, आते जन्मायच्या आधीचा. त्याचं कलम ४ काढून वाचा. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणालाही, कुठल्याही वस्तीत, राहतं घर बांधायला, घ्यायला किंवा त्यात राहायला आडकाठी केली तर किमान १ महिना आणि जास्तीत जास्त ६ महिने कैद, शिवाय १०० ते ५०० रुपये दंड. कलम १२ तर म्हणतं की समोरची व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर ती आडकाठी अस्पृश्यतेपोटीच केली असं कोर्ट धरून चालेल. तसं नव्हतं हे तुम्ही सिद्ध करायचं. म्हणजे हा मेसेज लोकांना सावध करत नाही, गुन्हा कसा करायचा ते शिकवतो. आतेसारखी माणसं तो करून बसतात आणि त्यांना पत्ताही नसतो.

१९१७ साली परदेशात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. नाव लपवून एका पारशी धर्मशाळेत राहिले, तिथून काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं. मंडणगडच्या आंबडव्याचं हे घराणं. १४ एप्रिलला त्याच ग्रुपवर त्यांना अभिवादन होतं आणि मे महिन्यात हा मेसेज.

आता २००५ चं. इथे मला थोडं नमतं घ्यावं लागतं. निकाल खरा आहे. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीने सभासदत्व पारशांपुरतं ठेवणारा उपविधी केला होता आणि कोर्टाने तो मान्य केला. मला तो पटत नाही, पण आहे. मात्र तो सहकारी संस्थेच्या उपविधीबद्दल आहे. आडनाव ऐकून खोली नाकारायचा परवाना तो कुणालाही देत नाही.

बारा वर्षांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. आतेच्या सासऱ्यांची भातशेती कुळकायद्यात गेली आणि ते दुखणं घरात अजून आहे. पण ती शेतजमीन होती, कसणाऱ्या कुळाची. मालकाच्या परवानगीने खोलीत राहणारा नुसती वर्षं मोजून मालक होत नाही. लिव्ह अँड लायसन्स करा आणि त्याची नोंदणी करा. मुदत संपूनही माणूस हलला नाही तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात त्याला बाहेर काढायची सोय आहे, वर दुप्पट दराने भरपाई. पुढे.

राहता राहिला खाण्यापिण्याचा मुद्दा. आतेचा मुलगा मुंबईत फ्लॅट बघत होता तेव्हा एजंटाने फोनवरच सांगितलं होतं, "सोसायटीत मच्छी चालत नाही." तेव्हा हीच आते कडाडली होती: "आमी आमच्या घरात बांगडे तळतलव, त्यांच्या पोटात कित्याक दुखता?" २०२३ साली मुलुंडमध्ये एका मराठी बाईला ऑफिसला जागा नाकारली, तो व्हिडिओही याच ग्रुपवर संतापाने फिरला होता. बांगड्याला नकार मिळाला की अन्याय, आपण आडनावाला नकार दिला की मालकाची मर्जी!

आणि गंमत म्हणजे आतेच्या त्या मुलाला आधार देणारा कायदाच नाही. १९५५ चा कायदा अस्पृश्यतेपुरता. राज्यघटनेच्या कलम १५(२) मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते आहेत, भाड्याचं घर नाही. मुसलमान म्हणून, एकटी बाई म्हणून, मासे खातो म्हणून खाजगी मालकाने नकार दिला तर दाद कुठे मागायची? असा कायदा लिहिता येत नाही असंही नाही. एचआयव्हीग्रस्तांसाठीच्या २०१७ च्या आणि तृतीयपंथीयांसाठीच्या २०१९ च्या कायद्यात घर भाड्याने घेण्याच्या हक्कात भेदभाव नको, असं स्वच्छ लिहिलंय. तेच वाक्य सगळ्यांसाठी लिहा आणि दंड १०० रुपयांवरून वर न्या, एवढीच मागणी. शशी थरूर यांनी २०१७ साली लोकसभेत समानतेचं खाजगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा झालाच नाही. अमेरिकेत १९६८ पासून असा कायदा आहे. मालक स्वतः राहत असेल अशा चार बिऱ्हाडांपर्यंतच्या घराला त्यात सूटही आहे, पण "अमक्यांना देणार नाही" अशी जाहिरात करायची मुभा त्या मालकालाही नाही. तिथे कुणाची घरं जप्त झाली नाहीत.

हे सगळं मी आतेला वाचून दाखवलं. १०० रुपयांवर ती हसली, ६ महिन्यांवर नाही. बराच वेळ गप्प बसून म्हणाली, "त्या चेडवाचो नंबर आसा माझ्याकडे." तिथेच फोन लावला. पोरीने पिंगुळीला खोली घेतली होती, महिन्याला पाचशे जास्त देऊन.