ओं नमो, देवा बापा

इंग्लंडातल्या स्विंडनहून बुश्टन पंधरा-सोळा किलोमीटरवर. खेडे म्हणायचे ते कौतुकाने. थोडी घरे, कुंपणांमधून जाणारी चिंचोळी वाट आणि मग नुसती शेते. मार्चमधल्या एका रविवारी जाऊन आलो. बायको गाडीतून उतरलीच नाही. "हे बघायला आणलंस?" म्हणाली. बघण्यासारखे खरेच काही नव्हते, पण मराठीत 'ख्रिस्तपुराण' लिहिणारा जेझुइट पाद्री, फादर थॉमस स्टीफन्स, १५४९ च्या सुमारास जन्मला तो इथे. १५७९ च्या ऑक्टोबरात तो गोव्यात उतरला, पुढची चाळीस वर्षे तिथेच राहिला आणि १६१९ साली तिथेच वारला. परतून कधी आला नाही. आता पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन आम्ही गोंयकार त्याच्या मुलखात येऊन बसलोय. विल्टशायरने एक माणूस दिला होता, आम्ही व्याजासकट फेडतोय.

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर हा स्टीफन्स अधूनमधून उगवतो. राजभाषेचा वाद पेटला की हमखास. १९८७ च्या कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली, मराठीला वापरापुरती मुभा मिळाली, आणि ती सल आमच्या प्रियोळात अजून गेलेली नाही. मग कुणीतरी ख्रिस्तपुराणातली मराठीच्या कौतुकाची ओवी, 'जैसी पुष्पांमाजि पुष्प मोगरी', पाठवतो: बघा, गोव्यात मराठी कधीची आहे. दुसरा लगेच सांगतो की कोंकणीचे व्याकरणही त्यानेच लिहिले. तिसरा म्हणतो, बाटवायला आलेल्या पाद्र्याचे एवढे कौतुक कशाला? तिघेही त्या चार ओव्यांच्या पुढे गेलेले नसतात. ओव्या आहेत दहा हजारांच्या वर.

माझ्याकडे वडिलांची प्रत आहे, शांताराम बंडेलूंनी १९५६ साली पुण्याहून काढलेली देवनागरी आवृत्ती. ग्रंथ पहिल्यांदा छापला १६१६ साली रायतूरला, तोही रोमन अक्षरांत. त्या छपाईची एकही प्रत आज उरलेली नाही. ग्रंथाच्या सुरुवातीला एक प्रसंग आहे, मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. गोव्यातल्या सासष्टीतला नवा ख्रिस्ती झालेला एक माणूस पाद्र्याला विचारतो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? भाविकाच्या तोंडून आला असला तरी प्रश्न श्रोत्याचा आहे. रात्री ऐकायला गोष्ट नाही, ही त्याची तक्रार.

आणि पाद्री पुराण रचायला बसला. कथा सगळी बायबलातली. त्यात फेरफार करायची त्याला परवानगी नव्हती, इच्छाही नसावी. म्हणजे कल्पनाशक्तीला मोकळीक ती फक्त शब्दांत. श्रद्धेने कथानक बांधून टाकले आणि सगळा जोर भाषेवर आला. स्वर्गाला त्याने 'वैकुंठ' म्हटले. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, चालू असताना, जिथे जुन्या देवाचे नाव घरात घेणेही महागात पडे तिथे, जेझुइटाच्या ओवीत वैकुंठ. आता तो शब्द श्रोत्यांना ओढण्यासाठी घेतला की दुसरा तितका भरलेला शब्द मिळेना म्हणून, हे वाचून ठरत नाही. मला वाटते दोन्ही. कवीचा हेतू काही असो, ज्ञानेश्वरी ऐकलेल्या कानांना वैकुंठ म्हटल्यावर जे दिसते ते त्याच्या ओवीत आपोआप येऊन बसतेच.

इथे, पाऊण-एक तासावर ऑक्सफर्ड आहे. नार्निया या मुलांच्या कथामालेचा कर्ता सी. एस. लुईस तिथे हेडिंग्टन क्वारीच्या चर्चच्या आवारात पुरलेला आहे. त्याने लिहून ठेवलेय की सुरुवात एका चित्रापासून झाली: बर्फाच्या रानात छत्री आणि पुडकी घेऊन चाललेला एक फॉन, अर्धा माणूस अर्धा बोकड. हे चित्र सोळाव्या वर्षापासून डोक्यात होते, आणि त्यात ख्रिस्ती असे काहीच नव्हते. सिंह नंतर आला आणि श्रद्धा त्याच्याबरोबर. त्याचा मित्र टोल्कीन कट्टर कॅथलिक, पण त्याच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या कथेत चर्च नाही की प्रार्थनास्थळ नाही. धर्म सगळा कथेत मुरवून टाकलेला. माझी मुलगी इथल्या शाळेत नार्निया वाचून आली. सिंह म्हणजे येशू हे तिला कुणी सांगितले नाही, तिचे काही अडलेही नाही.

इंग्लंडची ही ऐसपैस वृत्ती मला आवडते. पण ती घेऊन गोव्यातल्या माणसांना शहाणपण शिकवावे असे नाही वाटत. इथे देवळात फार कुणी जात नाही, म्हणून पुस्तकातला देव कुणाला बोचत नाही. आमच्या मंगेशाला सोळाव्या शतकात कुशस्थळीहून झुआरी ओलांडून प्रियोळला आणावे लागले. १५८३ साली कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले. सूड म्हणून गावच्या प्रमुखांना बोलावून ठार केले गेले. स्टीफन्स तेव्हा सासष्टीतच होता, पाद्र्यांची प्रेते परत आणवणारा तोच. हे बाजूला ठेवून मोगरीची ओवी वाचता येते, पण ते वाचन अर्धवट. माझ्या थोरल्या काकांनी बंडेलूंची प्रत कधी हातात धरली नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही.

माझे भांडण वेगळ्याच गोष्टीशी आहे. २०२० च्या उस्मानाबादच्या संमेलनाला फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले तेव्हा त्यांना धमक्यांचे फोन आले, आणि बाजू घेणारेही म्हणत राहिले की ते धर्मगुरू असले तरी साहित्यिक आहेत. 'असले तरी' कशाला? नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंगच लिहिले, कीर्तनेच केली. तुकोबाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत. त्यांची ख्रिस्तभक्ती वजा करून उरलेले टिळक वाचणे म्हणजे वारी वजा करून तुकाराम वाचणे. श्रद्धा हे लेखकाचे माफ करायचे वैगुण्य नव्हे. तिने वाक्य चांगले केले की वाईट, एवढे पाहावे. वाईटही करते, कित्येकदा. स्टीफन्सची उपदेशाची पाने मी सरळ उलटतो.

आमच्या वेअरहाऊसमध्ये माझ्या पाळीला एक कुडतरीचा आहे. घरात कोंकणी, इगर्जेत म्हणजे चर्चमध्येही कोंकणी, मराठीशी संबंध शून्य. एकदा ब्रेकमध्ये फोनवर काढलेले पहिल्या पानाचे चित्र त्याला वाचून दाखवले: 'ओं नमो विश्वभरिता, देवा बापा सर्वसमर्था'.

"ओं नमो?" तो हसला. "हें तुमचें किर्तन न्हय रे?"

मग थांबला. "देवा बापा," परत म्हणाला, पुटपुटल्यासारखे. "हें आमचें. आमचे मागण्यांत आसा." मागणे म्हणजे त्यांची प्रार्थना. चहाचा कप तसाच हातात. "पाद्रीन बरयलें हें? हांगाच्या?"

हांगाच्याच, म्हटले. बसने गेलास तर अर्धा दिवस जाईल.

"कितल्यो ओव्यो?"

धा हजारांचेर, मी सांगितले.

"कोण वाचतलो रे इतल्यो!"

मी सहा वर्षांपूर्वी सुरू केले. अजून पहिल्या भागातच आहे, पण हे त्याला सांगितले नाही.