खुलासा: पेंड्युलम २०१२ मध्ये कायमचा फुटलेला नाही

'पेंड्युलम हा ब्रिटिश बँड २०१२ मध्ये कायमचा फुटला, आता त्या नावाने भलतेच लोक वाजवतात' असा मेसेज फिरतोय. त्यातला पहिला अर्धा भाग माझ्याच जुन्या पोस्टमधला आहे. तो चुकीचा होता, मी ती पोस्ट काढली आहे.

पेंड्युलम मूळचा ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. रॉब स्वायर, गॅरेथ मॅकग्रिलन आणि पॉल हार्डिंग यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. नंतर मंडळी ब्रिटनला गेली, तिथेच नाव झालं आणि २०१० चा 'इमर्शन' हा अल्बम तिथल्या अल्बमच्या यादीत पहिला आला. बँड ब्रिटिश असल्याचा गैरसमज बहुधा तिथूनच झाला असावा.

२०१२ मध्ये थांबले ते बँडचे लाइव्ह कार्यक्रम. स्वायर आणि मॅकग्रिलन 'नाइफ पार्टी' या दोघांच्या वेगळ्या संगीत-जोडीत गुंतले, पण हार्डिंग पेंड्युलमच्या नावाने डीजे सेट करतच राहिला. मार्च २०१६ मध्ये मायामीच्या अल्ट्रा महोत्सवात बँड पुन्हा मंचावर आला. २०२० मध्ये नवी गाणी आली, २०२५ मध्ये 'इनर्शिया' हा अल्बम.

'भलतेच लोक' म्हणणाऱ्यांनी एवढंच करा: २००८ चं 'प्रोपेन नाइटमेअर्स' आणि २०२० चं 'नथिंग फॉर फ्री' लागोपाठ ऐका. दोन्हीकडे स्वायरचाच आवाज आहे, तोच ताणलेला, धारदार सूर. मी काल हेडफोन लावून ऐकलं आणि मगच हे लिहायला बसलो.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल, तिथे हा खुलासा टाका.