विलोच्या रोपाबद्दलच्या तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

‘दोन महिन्यांत विपिंग विलोची सगळी पानं गळली, मेलेलं रोप गळ्यात मारलं’ असं लिहून तुम्ही एकच स्टार दिलात. तुम्ही टाकलेले फोटो मी मोठे करून पाहिले.

रोप बहुधा मेलेलं नाही. विलो पानगळीचं झाड आहे. थंडी पडली की पानं पिवळी होऊन गळतात आणि नुसत्या लोंबत्या काड्या उरतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या पोटात गोळाच येतो. पेन्सिलीएवढ्या फांदीची साल नखाने जराशी खरवडून बघा. आत ओलसर हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. कोरडं, तपकिरी निघालं तर खाली खोडाशी बघा. तिथेही तसंच असेल तर रोप बदलून देऊ. पानगळीचं विकतानाच सांगायला हवं होतं. चिठ्ठीवर फक्त ‘भरपूर ऊन, भरपूर पाणी’ एवढंच होतं. चूक आमची, मनापासून माफी मागतो.

मला खरी काळजी वाटली ती जागेची. रोपामागे दोन हातांवर घराची भिंत आहे आणि शेजारी ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण. आज कमरेएवढं असलेलं हे झाड 40 फुटांपर्यंत वाढतं, पसरतंही जवळपास तेवढंच. नदीकाठचा वाळुंज याचाच भाऊबंद. मुळं पाण्याच्या ओढीने वरच्या वर लांबवर जातात आणि पाइपाच्या सांध्यात केसाएवढी फट मिळाली तरी आत शिरून जाळं करतात. भिंतीपासून, पाइपांपासून 50 फूट तरी लांब हवं. ‘कुठे लावणार?’ हे आम्ही विचारलंच नाही, याचं जास्त वाईट वाटतं.

पानं नाहीत तोवर हलवून घ्या, हीच वेळ चांगली. मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट काढा आणि ओल टिकणाऱ्या, उन्हाच्या सखल जागी लावा. पालवी फुटल्यावर दोन वर्षं माती सुकू देऊ नका. आत्ता मात्र रोज पाणी नको, बोटभर खाली माती कोरडी लागली तरच द्या. काढताना फांदी मोडली तर वीतभर तुकडा पाण्यात उभा ठेवा, काही आठवड्यांत पांढरी मुळं धरेल.

एवढी मोकळी जागा नसेल तर रोप परत घेऊन पैसे देतो. कुंडीत ठेवा असं मी सांगणार नाही, लोंबत्या फांद्यांचा तो डौल कुंडीत येत नाही.

खरवडलेल्या सालीचा जवळून काढलेला फोटो पाठवा. हिरवं दिसलं तर खड्डा कुठे घ्यायचा ते फोनवर ठरवू, हलवायला माणूस आमचा येईल.