डॉक्टरांना सक्तीने सातपुड्यात पाठवा, हे उत्तर का नव्हे

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर वारंवार फिरतो. पावसाळ्यात सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावरून गरोदर बाईला बांबूच्या झोळीत घालून आणल्याची बातमी आली, की तो पुन्हा पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: ग्रामीण आरोग्यावर सरकार कोट्यवधी रुपये ओतते, जागोजागी इमारती उभ्या आहेत, पण डॉक्टर शहर सोडायला तयार नाहीत, म्हणून प्रत्येकाला सक्तीने खेड्यात पाठवावे आणि जो जाणार नाही त्याची नोंदणी रद्द करावी. आशा, परिचारिका आणि समुदाय आरोग्य अधिकारी यांच्या प्रशिक्षणावरचा खर्च ही उधळपट्टी आहे, कारण ही माणसे डॉक्टर नव्हेत. आदिवासी शेवटी भगताकडेच जातात. शिवाय आता वैद्यकीय महाविद्यालये झाली, पाच लाखांचे विमा कवच मिळाले, तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रांवर आणखी पैसा कशाला घालायचा?

हा मजकूर पाठवणाऱ्यांचा संताप खरा आहे. झोळीतल्या त्या बाईचे छायाचित्र पाहून ज्याला काही वाटत नाही, त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही. परंतु या मजकुरातली विधाने एकेक करून तपासली तर बहुतेक टिकत नाहीत, आणि त्यांच्या आधारे धोरण ठरले तर ज्या बाईसाठी आपला जीव तुटतो तिच्यापर्यंत काहीही पोहोचणार नाही.

पैसा भरपूर आहे, हे पहिले विधान. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये केंद्र आणि राज्ये यांचा मिळून आरोग्यावरचा सरकारी खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले होते, आणि राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अंदाजपत्रकाच्या ८ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी असे म्हटले होते. महाराष्ट्र त्या पातळीच्या बराच खाली राहिला. २०२१-२२ मध्येच देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी स्वतःच्या खिशातून भरली. तेव्हा ‘ओतते’ हे क्रियापद कोणाला लावायचे, याचा विचार व्हावा.

पण एकूण आकड्यांपेक्षा दवाखान्याच्या पातळीवरचा हिशेब अधिक बोलका आहे. पगार आणि औषधांचा पुरवठा वेगळ्या मार्गाने येतो. पण पाण्याची मोटार जळाली, नळ गळू लागला, प्रसूतिगृहातला दिवा बंद पडला, एखादे औषध तातडीने विकत आणावे लागले, तर त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हातात राहतो तो राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा अबंधित, म्हणजे स्थानिक गरजेप्रमाणे वापरता येणारा, निधी. त्याचा ठरलेला वार्षिक दर रुग्ण कल्याण समिती आणि देखभाल यांसह १,७५,००० रुपये असा आहे. म्हणजे महिन्याला साडेचौदा हजारांच्या आसपास, आणि मैदानी भागातल्या ३०,००० लोकसंख्येच्या केंद्रासाठी माणशी वर्षाला सहा रुपयेसुद्धा नाहीत. अभियानाचा खर्च केंद्र सरकार आणि राज्य ६०:४० या प्रमाणात उचलतात. केंद्र सरकारचा वाटा अनेक टप्पे पार करून खालपर्यंत येतो, आणि तो उशिरा येणे ही काही नवी तक्रार नव्हे. वर्षाच्या अखेरीस आलेली रक्कम ३१ मार्चपूर्वी संपवायची, म्हणून गरजेची नव्हे तर सहज मिळणारी वस्तू घेतली जाते, आणि पुढे त्याच खरेदीचे छायाचित्र ‘पैसा वाया गेला’ या मथळ्याखाली फिरते. औषधांचेही तसेच. २०१७ मध्ये राज्याची खरेदी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे एकवटली आणि २०२३ मध्ये स्वतंत्र खरेदी प्राधिकरणाचा कायदा झाला. हे बदल वरच्या पातळीवर घडत असताना साठा संपल्यावर रुग्णाच्या समोर बसायची वेळ मात्र केंद्रातल्या औषधनिर्मात्यावर येत होती.

पैसा योग्य वेळी आणि स्थानिक गरज ओळखून खर्च झाला तर काय होते, हे आपल्याच भागाने पाहिले आहे. साक्री तालुक्यातल्या सामोडे गावचे आणि स्वतः डॉक्टर असलेले तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी २०२० मध्ये, कोरोनाची पहिली लाट ओसरत असतानाच, नंदुरबारमध्ये ऑक्सिजन प्रकल्प उभारायला सुरुवात केली. २०२१ च्या एप्रिलमध्ये मोठमोठी शहरे सिलिंडरसाठी धावत होती, तेव्हा आकांक्षित, म्हणजे मागास, जिल्ह्यांच्या यादीतला हा जिल्हा स्वतःचा ऑक्सिजन तयार करत होता. तिथे कोणावर सक्ती झाली नव्हती. निधी होता आणि तो वापरण्याचा निर्णय जिल्ह्यातच झाला होता.

आता सक्तीकडे येऊ. सक्ती आजही आहे. शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याला महाराष्ट्रात एक वर्षाची बंधपत्रित (बाँडची) सेवा द्यावी लागते, आणि अशी बंधपत्रे वैध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केले आहे. माझाही त्या अटीला विरोध नाही. जनतेच्या पैशावर शिकलेल्याने जनतेची सेवा करावी, हे न्याय्यच आहे. प्रश्न असा, की त्या वर्षात तो डॉक्टर करू काय शकतो?

सातपुड्यातल्या एखाद्या ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात नुकतीच उत्तीर्ण झालेली डॉक्टर रुजू झाली आहे, असे धरू. रात्री अडलेली बाळंतीण येते. शस्त्रक्रिया करायची तर स्त्रीरोगतज्ज्ञ हवा, भूलतज्ज्ञ हवा, बाळ रडले नाही तर त्याला हाताळणारा हवा, रक्त साठवण्याची सोय हवी आणि अखंड वीज हवी. यातली एक गोष्ट नसली तरी उरलेल्या चारांचा उपयोग नाही. केंद्र सरकारच्या स्वतःच्या आकडेवारीनुसार देशभरातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवर, विशेषज्ञांची कमतरता सुमारे ८० टक्के आहे. मग ती डॉक्टर ‘रेफर’ अशी चिठ्ठी लिहिते. चांदसैली घाटात दरड कोसळलेली असेल तर धडगावहून तळोद्याचा रस्ता बंद होतो आणि शहाद्याच्या बाजूने वळसा पडतो. त्या रात्री डॉक्टर हजर होती, सक्तीने का होईना आली होती, आणि तरीही ती बाई घाटात अडकली. अशा चार रात्री काढलेली डॉक्टर वर्ष संपताच निघून जाते, तेव्हा तिला शहराची ओढ आहे असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. हाताशी काही नसताना माणसे डोळ्यांसमोर जाताना पाहणे किती जण सोसू शकतील?

ग्रामीण भागात आरोग्यसेवक कसे टिकतात यावर जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये मार्गदर्शक शिफारशी काढल्या आणि २०२१ मध्ये त्या सुधारल्या. ग्रामीण भागातल्या मुलामुलींना वैद्यकीय शिक्षणात प्रवेश, शिक्षणाचा काही काळ खेड्यात, राहण्याची आणि कामाची बरी व्यवस्था, वरिष्ठांचा आधार, पुढील शिक्षणाची वाट आणि आर्थिक मोबदला, असे सगळे एकत्र दिले पाहिजे, असा त्यांचा रोख आहे. सक्तीची सेवा त्यांनाही वर्ज्य नाही, पण आधार आणि मोबदला यांच्या जोडीने.

इमारतींचे थोडक्यात सांगतो. मैदानी भागात ५,००० लोकांमागे आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र, हा निकष माणसे मोजतो, अंतर मोजत नाही. रावेरच्या केळीपट्ट्यातले ५,००० लोक एका गावात सापडतील. अक्राणी (धडगाव) तालुक्यातले ३,००० लोक कितीतरी पाड्यांत, दऱ्यांच्या दोन्ही अंगांना विखुरलेले असतात. नर्मदेच्या काठावर तर धरणाच्या फुगवट्यामुळे रस्ताच उरला नाही, म्हणून तिथे तरंगते दवाखाने आणि बोट अँब्युलन्स चालवावी लागते. डिझेल, नावाडी आणि बोटीची दुरुस्ती यांचा खर्च इमारतींच्या हिशेबात बसत नाही.

या मजकुरातले सर्वांत घातक विधान मात्र प्रशिक्षणाविषयीचे आहे. आशा आणि परिचारिका डॉक्टर नाहीत, म्हणून त्यांना शिकवणे व्यर्थ, असे म्हणणाऱ्याने गडचिरोलीतले काम पाहावे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत जेमतेम शाळा शिकलेल्या स्थानिक बायकांना नवजात बाळाची तपासणी, श्वास सुरू करणे, ऊब देणे आणि जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणे शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. त्याच धर्तीवर २०११ पासून देशभरातल्या आशा घरोघरी जाऊन बाळे तपासतात. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी ४२ दिवसांत सहा भेटी, आणि त्या सगळ्या पूर्ण झाल्यावर २५० रुपये, म्हणजे भेटीमागे ४२ रुपयांच्या आसपास. डोंगर चढून पलीकडच्या पाड्यावर जाणाऱ्या बाईला आपण एवढेच देतो आणि वर तिच्या प्रशिक्षणाला उधळपट्टी म्हणतो, याचे मला फार वाईट वाटते.

परिचारिकेला कुशल प्रसूती-साहाय्यक बनवणारे प्रशिक्षण २१ दिवसांचे आहे. त्यात ती जे शिकते, त्यातले एक सांगतो. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव बाईचा जीव दोन तासांतही घेऊ शकतो. तो टाळण्यासाठी बाळ बाहेर येताच ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन द्यायचे असते. हे औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. पाड्यावरची वीज वरचेवर दीर्घकाळ जात राहिली आणि शीतपेटीला पर्यायी व्यवस्था नसली, तर औषधाची ताकद घटत जाते आणि उत्तम शिकलेल्या परिचारिकेच्या हातूनही रक्तस्राव थांबेलच असे नाही. प्रशिक्षण, साधने आणि निधी यांची अशी सांगड असते. एकाला दोष देऊन दुसऱ्याला वगळता येत नाही.

डॉक्टरांच्या बाबतीतही हेच. विशेषज्ञ मिळत नाहीत म्हणून एमबीबीएस डॉक्टरांना जीवरक्षक भूल आणि तातडीची प्रसूतिसेवा शिकवणारे अभ्यासक्रम देशात सुरू झाले. भुलीचा अभ्यासक्रम मूळ आराखड्यात १८ आठवड्यांचा होता. कल्पना अतिशय चांगली होती. पण शिकून आलेल्या अनेक डॉक्टरांची नेमणूक जिथे शस्त्रक्रियागृहच चालू नाही अशा ठिकाणी झाली, किंवा भूल शिकलेला एका तालुक्यात आणि शस्त्रक्रिया शिकलेला दुसऱ्यात गेला, ही अडचण देशभर दिसून आली. वापराविना कौशल्य जाते. हा दोष नेमणुकीच्या आदेशाचा आहे, अभ्यासक्रमाचा नव्हे.

सध्याच्या प्रशिक्षणांत उणिवा नाहीत असे मी म्हणत नाही. सभागृहात बसवून चित्रफिती दाखवायच्या, सह्या घ्यायच्या आणि प्रमाणपत्र द्यायचे, असे पुष्कळदा होते. उपकेंद्रांत नेमलेल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना सहा महिन्यांचा अभ्यासक्रम मिळतो, त्यानंतर मात्र त्यांच्या शेजारी उभे राहून हात धरून शिकवणारे कोणी क्वचितच असते. शिवाय पुस्तिका प्रमाण मराठीत असतात आणि समोरची आई पावरी, भिलोरी किंवा मावची बोलते. पुस्तिका आणि आई यांच्यातला दुवा म्हणजे पाड्यावरची आशाच. या उणिवांवरचा उपाय प्रशिक्षण बंद करणे हा नसून ते दवाखान्यात, खाटेजवळ आणि त्या भाषेत देणे हा आहे.

लोक भगताकडे जातात, याविषयी. जातात, हे खरे. पण सर्पदंशाचे उदाहरण घ्या. खान्देशात शेतीला वीज अनेकदा रात्री मिळते, माणसे अंधारात कपाशीला आणि केळीला पाणी भरतात आणि साप चावतो. राष्ट्रीय मार्गदर्शनानुसार विषबाधा दिसली तर पहिल्याच मात्रेत ८ ते १० कुप्या प्रतिविष लागते, लहान मुलालाही तितकेच. केंद्रात दोन-तीन कुप्याच असतील, तर डॉक्टर पुढे पाठवणार आणि तासाभराचा प्रवास वाढणार. असा अनुभव एकदा आलेले कुटुंब दुसऱ्या वेळी जवळच्या भगताला बोलावते, तेव्हा ती अंधश्रद्धाच असते असे नाही. दवाखान्याविषयी त्यांनी अनुभवावरून काढलेला तो निष्कर्ष असतो. जिथे कुप्या आहेत, त्या द्यायला न घाबरणारा प्रशिक्षित डॉक्टर आहे, तिथे माणसे येतात.

विमा कवचाबद्दल इतकेच, की महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ठरावीक आजारांवरच्या, रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. रक्तदाबाची रोजची गोळी, सिकलसेलच्या रुग्णाचे हायड्रॉक्सियुरिया हे नियमित औषध, ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या गरोदर बाईचा पाठपुरावा, यांतले काही त्या कार्डावर होत नाही. ते उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्रच करते.

राहिली वैद्यकीय महाविद्यालये. धुळ्याचे जुने, जळगावचे २०१८ चे आणि नंदुरबारचे २०२० चे, अशी तीन शासकीय महाविद्यालये आज खान्देशात आहेत. ती प्राथमिक केंद्रांना पर्याय नाहीत, पण त्या केंद्रांना माणसे पुरवणारी ती जवळची जागा निश्चित आहे. आंतरवासितेच्या (इंटर्नशिपच्या) वर्षात प्रत्येक विद्यार्थ्याला सामुदायिक वैद्यकशास्त्रासाठी काही आठवडे द्यावेच लागतात. ते आठवडे शहरालगतच्या केंद्रात सह्या करून काढायचे की मोलगी, धडगाव, पिंपळनेर, चोपडा इथे, राहायला नीट खोली आणि शिकवायला एक अनुभवी डॉक्टर देऊन घालवायचे, हे महाविद्यालय आणि जिल्हा परिषद एकत्र बसून ठरवू शकतात. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. खोलीची डागडुजी, जाण्यायेण्याची गाडी आणि शिकवणाऱ्या डॉक्टरचा भत्ता, एवढी तरतूद जिल्हा नियोजन समितीकडे मागता येते, आणि हा मजकूर पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने आपल्या जिल्हा परिषद सदस्याला ती मागायला सांगावे.