ओबामा आणि बिल एअर्स: नातं होतं, पण किती?

‘बराक ओबामा यांची दहशतवाद्यांशी सलगी होती’ हा दावा २००८च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीतला. रिपब्लिकन पक्षाच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांनी तो भर सभेत केला. रोख होता शिकागोचे प्राध्यापक बिल एअर्स यांच्यावर.

एअर्स हे ‘वेदर अंडरग्राउंड’ या गटाच्या संस्थापकांपैकी एक, हे खरं. या गटाने व्हिएतनाम युद्धाविरोधात सरकारी इमारतींत बॉम्ब लावले, हेही खरं. पण १९७२ साली पेंटागॉनमध्ये, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या मुख्यालयात, या गटाने स्फोट केला तेव्हा ओबामा दहा वर्षांचे होते!

दोघांची ओळख झाली ती १९९५च्या सुमारास. तोवर एअर्स शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक झाले होते. शाळासुधारणेच्या एका प्रकल्पात दोघांचा संबंध आला, पुढे एका धर्मादाय निधीच्या संचालक मंडळावर ते एकत्र होते. ओबामांच्या पहिल्या, म्हणजे इलिनॉय राज्याच्या सिनेटच्या निवडणुकीआधी एअर्स यांच्या घरी एक बैठक झाली आणि २००१ मध्ये एअर्स यांनी त्यांना २०० डॉलरची देणगी दिली. हे लपवायचं कारण नाही. ओबामांनी या ओळखीचं महत्त्व कमी करून सांगितलं, असं माझंही मत आहे. पण त्या हिंसाचाराचा त्यांनी स्पष्ट निषेध केला होता.

उलट वादग्रस्त प्रवचनांमुळे चर्चेत आलेले पाद्री जेरेमाया राइट यांच्याशी ओबामांच्या असलेल्या संबंधांबद्दलचा प्रश्न रास्त होता. त्यांच्या चर्चमध्ये ओबामा सुमारे वीस वर्षं जात होते. मे २००८ अखेर त्यांनी ते चर्च सोडलं.