बारा मोटा आणि एक कंडक्टर

साताऱ्याच्या अलीकडे, हायवे सोडून थोडं आत, लिंब नावाच्या गावात माझा जो अपमान झाला तो अजून पुरता उतरलेला नाही. तसा किरकोळच होता. पण तो बायकोमुलांदेखत झाला, आणि करणारा माणूस त्या वेळी शेंगा सोलत होता.

झालं असं की सुट्टी जोडून आली होती. महाबळेश्वरला अख्खी मुंबईच येते, म्हणून काहीतरी अनवट बघू, असं ठरलं. (हल्ली 'अनवट' ठिकाणांच्या याद्या घरोघरी पोचतात, त्यामुळे अनवट ठिकाणीही पार्किंग शोधावं लागतं, ते असो.) पहाटे बोरिवली सोडली. एक्सप्रेसवे, टोल, खंबाटकी घाटात थोरलीची उलटी, पुन्हा टोल, आणि लिंब.

विहीर मात्र थोर आहे. बारा मोटांची विहीर. ११० फूट खोल, ५० फूट व्यास, वरून बघितलं तर शिवलिंगाचा आकार. पायऱ्या उतरून आत गेलं की विहिरीच्या पोटात चक्क छोटा महाल, भिंतींवर कोरलेली शिल्पं. उन्हातून आत शिरलं की अंगाला गार लागतं. धाकट्याने मोट म्हणजे काय ते विचारलं. बैलांवर चालणारा पंप, असं सांगून मी शिलालेखाकडे वळलो. विहीर वीरूबाई भोसल्यांनी बांधून घेतली, शके १६४१ ते १६४६.

"आता यात ७८ मिळवा," मी मुलांना म्हणालो. बाप असण्याचे असे क्षण वर्षातून फार येत नाहीत.

"सतराशे एकोणीस ते चोवीस," मागून आवाज आला.

पायरीवर एक आजोबा बसले होते. पांढरी टोपी, मांडीवर शेंगांचा पुडा.

"कुठनं आलाय पावनं?"

"मुंबई."

"मुंबई लय मोठी हाय. स्टॉप सांगा."

"बोरिवली."

"मग बोरिवली म्हणा की. मुंबई कशाला म्हणता?"

हे लागलं. ऑफिस फोर्टात आहे, असं मी जरा आवाज चढवून सांगितलं. त्यावर आजोबांनी शेंगा बाजूला ठेवल्या, हात झटकले आणि सावरून बसले. सगळी नोकरी बेस्टमध्ये कंडक्टर म्हणून झाली होती त्यांची, कुलाब्याच्या बाजूला. आता निवृत्त होऊन गावी. माझ्यासारखं गिऱ्हाईक बहुधा बऱ्याच दिवसांनी मिळालं असावं.

"फोर्टात असता तर सांगा. काळा घोडा कुठं हाय?"

"काळ्या घोड्याला," मी म्हणालो. हा काय प्रश्न झाला?

"तो नवा पुतळा. २०१७ चा. त्याच्यावर माणूस न्हाई. खरा घोडा वर बसलेल्या इंग्रज राजासकट १९६५ ला हलवला. राणीच्या बागेत हाय. बरं, घारापुरीचा दगडी हत्ती? पोर्तुगीजांनी ज्याच्यावरनं बेटाला एलेफंटा नाव दिलं, तो?"

"घारापुरीला."

"राणीच्या बागेत. म्युझियमच्या बाहेर उभा हाय."

एव्हाना बायको पायरीवर टेकली होती. विहिरीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मी महाल दाखवायला गेलो तर थोरली म्हणाली, "बाबा, थांबा ना, आजोबा विचारतायत."

"शेवटचा," आजोबा म्हणाले. "भिका बेहरामची विहीर?"

एव्हाना मला प्रश्नपत्रिकेचा अंदाज आला होता. मी ठणकावून म्हणालो, "राणीच्या बागेत!"

मुलं खो-खो हसली. आजोबा हसले नाहीत. बिनतिकिटाचा माणूस सापडला की कंडक्टर आधी त्याच्याकडे नुसता बघतो, तसं त्यांनी बघितलं.

"चर्चगेटला उतरून हापिसात कसं जाता?"

"चालत."

"कुठनं?"

"क्रॉस मैदानाच्या कडेने."

"म्हणजे रोज तिच्या अंगावरनं जाता."

मग त्यांनी सगळी हकिगत सांगितली, मला नाही, माझ्या मुलांना. भिकाजी बेहराम हा पारशी भरूचहून मुंबईला येत होता, वाटेत मराठ्यांनी त्याला मोगलांचा माणूस समजून धरलं. "आपल्याच लोकांनी," आजोबा खुशीत म्हणाले. अंगातला सदरा आणि कुस्ती, म्हणजे कमरेचा पवित्र धागा, दाखवून आपण पारशी असल्याचं त्याने पटवलं, तेव्हा सुटला, अशी आख्यायिका. पुढे त्याने ती विहीर खोदली, १७२५ साली. "ही इथली १७२४ ला पुरी झाली, आणि पुढच्याच वर्षी तिकडची. समुद्र एवढा जवळ, पण पाणी गोड. आणि तुम्ही तिथनं उठून हितं विहीर बघायला आलाय."

बायको म्हणाली, "आजोबा, आम्ही बोरिवलीत राहून मी कान्हेरीची लेणीसुद्धा बघितलेली नाहीत."

याची तिथे काहीच गरज नव्हती.

आता माझी बाजू. ती लिंबला मांडता आली नाही, कारण तोवर आजोबा मुलांना शेंगा वाटत होते. मुंबई बघायला मुंबईकराला रविवार लागतो, आणि रविवार रेल्वेने मेगाब्लॉकला देऊन टाकलाय. बोरिवलीहून राणीच्या बागेत जायचं तर दादरला गाडी बदला, ते पूल चढा-उतरा, पोरं सांभाळा, भायखळ्याला उतरा, आणि तिथे उभ्या महाराष्ट्रातून आलेल्या गर्दीत पेंग्विन शोधा. गाडी काढावी तर लावायची कुठे? साताऱ्याला जाणं सोपं आहे हो. पाच तास लागतात, पण ते बसून लागतात. रोज खिडकीत नाही, दारात लोंबकळून ज्या शहरात शिरायचं, तिथली प्रेक्षणीय स्थळं सुट्टीच्या दिवशी बघायला कुणाचे पाय वळतील? चर्चगेटला उतरलेला माणूस घड्याळ बघतो, मस्टर गाठतो. तीनशे वर्षांच्या विहिरीने त्याला हाक मारली तरी तो तिला 'नंतर' म्हणेल. हे कंडक्टरला कळायला हवं होतं. पण त्यांनी फोर्ट बघितला तो बसमधून, आणि ड्यूटी म्हणून. बघण्याचा पगार मिळत असेल तर मीही सगळे हत्ती पाठ करीन.

येताना गाडीत आजोबांचाच विषय. घरी पोचेपर्यंत बायकोच्या फोनमध्ये त्यांचा नंबर होता, 'लिंबचे आजोबा' या नावाने.

सोमवारी चर्चगेटला उतरलो. क्रॉस मैदानाच्या कोपऱ्यावर, जिथून मी आजवर मान खाली घालून गेलो, तिथे थांबलो. लोक मागून धडकत होते. विहीर आहे. वर नक्षीदार छत आहे, रंगीत काचा आहेत. आणि एक पाटीही आहे: आत फक्त पारशांना प्रवेश.

मी लगेच घरी फोन लावला. "आत सोडतच नाहीत! आणि मग त्या कंडक्टरला पाणी गोड असल्याचं कुणी सांगितलं? विचार त्यांना."

"विचारते," ती म्हणाली. "पण तू आधी ऑफिसला पोच, लेट मार्क लागेल."

लागला.